मायच्या कमरेतली नस दबली आहे; ऑपरेशन करावं की थांबावं?

धुऱ्यावरची_बाभूळ (२४ सप्टेंबर)
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातलं आमचं गाव, सहा एकर वावर, पऱ्हाटी (कापूस) आणि तूर. मी यवतमाळला नोकरीला असतो, शनिवारी गावी जातो. माय ५६ वर्षांची आहे. पोळ्यानंतर निंदण चालू असताना तिच्या कमरेत उसण भरली. चार दिवसांनी कमर मोकळी झाली, पण डाव्या कुल्ह्यापासून मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जायला लागली. खोकलली तरी सणक जाते. रात्री बाजेवर कूस बदलता येत नाही.

एमआरआय केला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर येऊन डावी नस दाबते आहे, असं त्यात लिहिलं आहे. एका डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरून पाहिली आणि म्हणाले, आठ दिवसांत ऑपरेशन करा. दुसऱ्यांनी रिपोर्ट वाचून सांगितलं, तीन महिने थांबा. गावात तर दर घरी एक औषध आहे. आणि माय म्हणते, "सीतादही झाल्याबिगर मी कुठंच येत नाई. वेचनी होऊ दे, मंग पाहू." (सीतादही म्हणजे कापसाच्या वेचणीच्या सुरुवातीला वावरात करतात ती पूजा.)

कोणाला असा त्रास झाला असेल तर सांगा. काय केलं, किती दिवसांत उतार पडला?

तिफणवाला (२४ सप्टेंबर)
भाऊ, आधी पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेला, माणूस पाहा. आमच्याकडे उसण भरली की पायाळूकडून कमरेवर पाय फिरवून घेतात. माझी दोनदा अशीच गेली.

आर्वीचे_मास्तर (२४ सप्टेंबर)
तिफणवाले, उसण वेगळी आणि नस दबणं वेगळं. उसण म्हणजे स्नायूची आखड. ती चार-आठ दिवसांत आपली आपण सुटते, पायाळू असो की नसो. बाभूळभाऊंच्या आईची कळ अंगठ्यापर्यंत जाते आहे. तिथं कमरेवर पाय देणं धोक्याचं.

मी यातून गेलो आहे. २०१६ साली रोज चाळीस किलोमीटर मोटारसायकलवर शाळेत जात होतो, रस्ता सगळा खड्ड्यांचा. माझी त्याच्या खालची गादी होती, पाचवा मणका आणि माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड यांच्यामधली. या दोनच जागी गादी सगळ्यात जास्त सरकते, कारण वाकताना आणि ओझं उचलताना सारा भार तिथं येतो. गादी बाहेरून चिवट, आत मऊसर गर. बाहेरचं आवरण फाटलं की गर बाहेर येतो. तो नसेला नुसता दाबत नाही, त्या रसायनांनी नस सुजते, म्हणून आग होते. सरकलेल्या गादीमुळे पायात कळ येते हे ठामपणे जगापुढे मांडलं १९३४ साली, अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी. त्याआधी लोक कशाकशाला दोष देत होते.

बाहेर आलेला गर शरीर हळूहळू शोषून घेतं, हे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि मला हायसं वाटलं. बहुतेकांना ६ ते १२ आठवड्यांत उतार पडतो. मला अकरा आठवडे लागले. पहिले दोन दिवस पडून राहिलो. मग डॉक्टरांनीच उठवलं, दर तासाला अंगणात चाला म्हणाले. पंधरा-पंधरा दिवस खाटेवर पडून राहिलं तर स्नायू ढिले पडतात आणि दुखणं लांबतं. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. ऑपरेशन लागलं नाही.

पैनगंगा_काठ (२५ सप्टेंबर)
मास्तर, तुमचं बरं झालं याचा आनंद आहे, पण "बहुतेकांना" म्हणजे सगळ्यांना नाही. माझा धाकटा भाऊ तीन महिने थांबला. कळ कमी झाली म्हणून घरचे खूश होते. प्रत्यक्षात पाऊल लुळं पडत होतं, म्हणून कळही कमी झाली होती. आज तो पाय ओढत चालतो. दुखणं कमी झालं म्हणजे नस सुटली असं धरून बसू नका, एवढंच कळकळीनं सांगतो.

फिजिओ_वरोरा (२५ सप्टेंबर)
पैनगंगा यांनी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिली. मी फिजिओथेरपिस्ट आहे. बाभूळभाऊ, दोन्ही डॉक्टरांनी फिल्म आणि रिपोर्ट पाहिला असं तुम्ही लिहिलंत. आईचा पाय हातात घेऊन कोणी पाहिला का, हे लिहिलं नाही.

फिल्मवर सगळं ठरत नाही. ज्यांना काहीच दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक अभ्यास आला. विशीतल्या ३७ टक्के लोकांमध्ये गादीची झीज दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांमध्ये. "मणक्यात गॅप आला" हे ऐकून लोक खचतात, पण केस पिकावेत तशी ती झीज आहे. फिल्म आणि पाय यांचा मेळ बसला तरच तिला अर्थ.

म्हणून आज घरी फोन करा आणि एवढं विचारा. टाचांवर चार पावलं चालता येतात का? डाव्या पायाचा अंगठा वर उचलून धरता येतो का, तुम्ही बोटानं दाबला तर तो टिकतो का? चालताना चप्पल निसटते का? लघवी तुंबते का, किंवा कळत नाही असं होतं का? अंघोळीच्या वेळी बसायच्या जागेला, जांघेत, हात लागलेला समजत नाही असं होतं का? शेवटच्या दोनांपैकी एकही "होय" असेल, किंवा दोन्ही पाय लुळे वाटत असतील, तर रात्र काढू नका, १०८ ला फोन करा. कमरेच्या मणक्यात खाली नसांचा गुच्छ असतो, त्या नसा बराच वेळ दबल्या तर लघवी-संडासवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

आणखी एक. संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री पडल्यावर जास्त दुखणं असेल तर मणक्याचा टीबी आधी तपासा. आपल्याकडे तो आहे आणि औषधानं बरा होतो, पण कमरेचा पट्टा बांधून बसलं तर नाही.

ओटीवाली (२५ सप्टेंबर)
माझं दुखणं मानेचं आहे, पण इथंच लिहिते. सरपणाचा भारा, पाण्याची गुंडी, कापसाचं गाठोडं, सगळं डोक्यावर वाहिलं. दोन वर्षांपूर्वी मान आखडली, मग उजव्या दंडातून अंगठा अन् पहिल्या बोटात मुंग्या. वेचताना बोंडातला कापूस चिमटीत धरत नव्हता. एकच गोष्ट बरी वाटायची, हात उचलून डोक्यावर ठेवला की कळ कमी व्हायची. तशी बसली की सासूबाई रागवायच्या, डोक्याले हात लावून बसू नये, घरात अवदसा येते म्हणून. मग मी चुलीमागं जाऊन बसायची.

फिजिओ_वरोरा (२५ सप्टेंबर)
ओटीवाली ताई, तुमच्या सासूबाईंना सांगा की त्या बसण्याला वैद्यकात अर्थ आहे. हात डोक्यावर ठेवला की मानेतून येणाऱ्या नसेवरचा ताण सैल होतो, म्हणून बरं वाटतं. आम्ही तपासताना मुद्दाम तसं करून पाहतो. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. अंगठा आणि पहिलं बोट बधिरतं तेव्हा बहुधा सहावी नस. आता कसं आहे?

ओटीवाली (२६ सप्टेंबर)
आता बरं आहे. मोठ्या दवाखान्यातल्या बाईंनी डोक्यावरचं ओझं बंद करायला सांगितलं अन् मानेचे व्यायाम दिले. हनुवटी मागं ओढून धरायची, खांदे मागं घ्यायचे, हाताच्या तळव्यानं कपाळ दाबून मान तिथंच रोखायची. मानेचा पट्टा दहा दिवसच लावला. चार महिने लागले. गुंडी आता कमरेवर नाही अन् डोक्यावर नाही, सायकलच्या दोन बाजूंना दोन डबक्या अडकवून पाणी आणते. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. काही बोलल्या नाहीत, पण आज मी हात डोक्यावर ठेवून बसली तर चहा आणून दिला.

संत्राबाग_मोर्शी (२६ सप्टेंबर)
बाभूळभाऊ, पुड्या देणाऱ्यापासून आईला जपा. आमच्या बाबांना कमरेसाठी एकानं जडीबुटी म्हणून बिननावाच्या पुड्या दिल्या. दोन दिवसांत बाबा उठून बागेत ओलित करायला गेले, आम्ही हात जोडले. तीन महिन्यांत चेहरा गोल सुजला, साखर वाढली, कातडी कागदासारखी पातळ. तालुक्याच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी ओळखलं, पुडीत स्टेरॉइड. ते एकदम बंदही करता येत नाही, डॉक्टरच्या देखरेखीत हळूहळू उतरवावं लागतं. दोन दिवसांत चमत्कार झाला की मला आता धास्ती वाटते.

तिफणवाला (२६ सप्टेंबर)
मग बिब्ब्याचा चटका? आमच्या आजीच्या कमरेवर चार डाग होते, ती नव्वद वर्षं जगली.

आर्वीचे_मास्तर (२६ सप्टेंबर)
आजी चटक्यांमुळे जगली नाही, कष्टाळू होती म्हणून जगली असेल. बिब्ब्याचा रस कातडी भाजतो, फोड येतात, जखम चिघळते. मधुमेह असलेल्याला तर भरतच नाही. नस आत हाडांच्या मध्ये आहे, चटका कातडीला बसतो. शेक मात्र चांगला. निर्गुडीचा पाला तापवून, नाहीतर गरम पाण्याची पिशवी, स्नायू सैल होतात आणि झोप लागते. बधिर जागेवर शेक देऊ नका. भाजलेलं कळत नाही.

झाडीपट्टी_देसाईगंज (२६ सप्टेंबर)
आमच्या आज्याचा वेगळाच परकार. कमरेत दुखत नव्हता, पन शंभर पावलं चालला का दोनी पाय जड, भरून येत, मंग पारावर बसावा लागे. वाकून बसला का पाच मिनिटात मोकळा. सायकलवर मात्र आठ किलोमीटर जाये! लोक म्हनत, बुढा नाटक करते. डॉक्टरनं सांगितला, मनक्यातली नळी अरुंद झाली. ताठ उभं राह्यला का नळी आवळते, वाकला का सैल होते, सायकलवर मानूस वाकलेलाच असते. बिचाऱ्याला आमी दोन वर्षं बोललो.

निवृत्त_आरोग्यसेविका (२७ सप्टेंबर)
मी चंद्रपूर जिल्ह्यात उपकेंद्रावर तीस वर्षं काढली, म्हणून एक सांगते. पायात मुंग्या आणि पाऊल लुळं, याचं कारण दर वेळी मणक्यातच असतं असं नाही. बी-१२ कमी असलं तरी मुंग्या येतात, साखरेनंही येतात. आणि आपल्या पूर्व विदर्भात कुष्ठरोग अजून आहे. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला जी नस हाताला लागते ती जाड झाली, अंगावर न समजणारा चट्टा असला, तरी पाऊल पडतं. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. लाजून घरी बसणाऱ्यांचेच पाय गेलेले मी पाहिले.

वरोऱ्याचं नाव निघालं म्हणून बाबा आमटे आठवले. १९४९ साली आनंदवन उभं केलं त्या माणसाला पुढं मणक्याच्या विकारानं बसताच येत नसे. एकतर उभं राहायचं नाहीतर आडवं. १९८५ साली कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत भारत जोडो यात्रा काढली ती गाडीत खाटेवर पडून. आमच्या उपकेंद्रात कोणी कमरेचं दुखणं घेऊन रडत आलं की मी ही गोष्ट सांगायची, आणि मग बसायला नाही, आडवं व्हायला जागा द्यायची.

धुऱ्यावरची_बाभूळ (२७ सप्टेंबर, रात्री)
मंडळी, काल फोनवर माय "काई नाई होत" एवढंच म्हणाली. म्हणून आज गावी आलो. फिजिओताईंचे प्रश्न एकेक करून विचारले. लघवीचं ठीक आहे. बसायच्या जागेला समजतं. ताप नाही. डाव्या पायाचा अंगठा वर होत नाही. मी बोट ठेवलं, जोरच नव्हता. टाचेवर उभं केलं तर डावं पाऊल आपटलं.

मग चपलेचं विचारलं. म्हणाली, "हाव, पंधरा दिवस झाले, डाव्या पायातली चप्पल वावरात गयते." मी चप्पल पाहिली. मागून चिंधी गुंडाळून घोट्याला बांधायची सोय केली होती तिनं. म्हटलं, सांगितलं काऊन नाही? तर म्हणे, "दुखते काय ते पुसलं सबन्यायनं. चपलेचं कोनं पुसलं?"

कळ थोडी कमी आहे असं ती चार दिवसांपासून सांगत होती. पैनगंगा, तुमच्या भावाचं वाचलं नसतं तर मी आज आनंदानं परत गेलो असतो.

पैनगंगा_काठ (२७ सप्टेंबर)
उद्या सकाळची पहिली गाडी. वेचणी-बिचणी काही नाही.

फिजिओ_वरोरा (२७ सप्टेंबर)
मी आधी १०८ चं लिहिलं तेवढं तातडीचं हे नाही, मध्यरात्रीची धावपळ नको, पण उद्याच जा. ताकद जाते आहे म्हणजे थांबून पाहण्याची वेळ संपली. मणक्याचं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाय तपासला पाहिजे. आजपासून आईला वाकून काहीही उचलू देऊ नका, आणि कमरेवर कोणाचा पाय, कोणाची माळीश, कोणाचा झटका नको.

आर्वीचे_मास्तर (२७ सप्टेंबर)
सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तुम्हाला जमेल. नागपूरचं मेडिकल कॉलेजही आहे. रेशन कार्ड, आधार आणि एमआरआयची मूळ फिल्म घ्या, नुसता कागद नको. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे आरोग्यमित्र दवाखान्यातच बसतात. भरती व्हायच्या आधी त्यांना भेटा, नंतर धावाधाव होते. एसटीनं जाणार असाल तर मागच्या चाकावरची सीट घेऊ नका, पुढं बसवा. माझी कळ त्या मागच्या सीटनंच दुप्पट झाली होती.

तिफणवाला (२८ सप्टेंबर)
भाऊ, पायाळूचं बोललो ते मागे घेतो. तुमच्या मायला लवकर आराम पडो. तिकडे वावरात काही लागलं तर सांगा, मी आर्णीकडचाच आहे, दोन दिवस येऊन जाईन.

धुऱ्यावरची_बाभूळ (१९ ऑक्टोबर)
उशिरा लिहितो आहे, माफ करा. सेवाग्रामला पोचलो तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी फिल्म बाजूला ठेवली आणि आधी पाय पाहिला. सरळ पाय वर उचलून, सुईनं टोचून, अंगठा दाबून, पंधरा मिनिटं. मग फिल्म पाहिली आणि म्हणाले, दोन्हींचा मेळ बसतो, ताकद घटते आहे, ऑपरेशन करू. गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला. दुसऱ्या दिवशी चालवलं.

भूल उतरल्यावर मायचं पहिलं वाक्य, "पायातली आग गेली वं." मी बाजूला होतो तरी ती नर्सताईंशी बोलत होती. अंगठा अजून पुरता उठत नाही. डॉक्टर म्हणाले, कळ लवकर जाते, ताकद महिन्यांनी येते आणि पूर्ण येईलच असं नाही. तोवर पावलाला आधार देणारा स्प्लिंट दिला आहे.

संत्राबाग_मोर्शी (१९ ऑक्टोबर)
वाचून जिवात जीव आला. पण मग पहिल्या डॉक्टरांचा सल्ला बरोबरच होता ना?

धुऱ्यावरची_बाभूळ (१९ ऑक्टोबर)
सल्ला बरोबर ठरला, हे मी मान्य करतो. पण त्यांनी पायाला हात लावला असता, हे पाहा बाई तुमचा अंगठा उठत नाही, एवढं मायला दाखवलं असतं, तर ती त्याच दिवशी तयार झाली असती. तिला फिल्म काय कळते? तिला चप्पल कळते.

फिजिओ_वरोरा (२० ऑक्टोबर)
आता पुढचं. सहा आठवडे वाकून ओझं अजिबात नाही, चालणं रोज थोडं वाढवत न्या. व्यायाम तिथल्या फिजिओंनी शिकवले असतील तेच करा, मोबाइलवर पाहून नवीन नको. कमरेचा पट्टा लागला तरी थोडे दिवस, महिनोन्महिने बांधला तर पाठीचे स्नायू आळसावतात.

आणि पुढच्या हंगामात ती वावरात जाणारच, हे आपण सगळे जाणतो. "आराम करा" म्हणून मी मोकळी होणार नाही. कापूस वेचून टाकायची ओटी (झोळी) कमरेला बांधण्याऐवजी दोन्ही खांद्यांवरून घ्यायची आणि अर्धी भरली की रिकामी करायची. पिकाचं एक तास (ओळ) संपलं की धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून कमर मागं वाकवायची. गाठोडं तिनं उचलायचं नाही, दोघांनी धरायचं. फवारणीचा १६ लिटरचा पंप भरला की वीस किलोच्या वर जातो, तो तिच्या पाठीवर नको. कोणाच्याही पाठीवर अर्धाच भरून द्या.

ओटीवाली (२० ऑक्टोबर)
ओटीचं मी करून पाहिलं. जुन्या दप्तराचे पट्टे शिवून घ्या, खांद्याला रुतत नाहीत.

गोठ्यातला_कंदील (२ नोव्हेंबर)
हा धागा आज वाचला. माझ्या बाबांना मान फारशी दुखत नाही, पण महिन्यापासून सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, बैलाच्या दाव्याची गाठ सुटत नाही, आणि चालताना झोकांड्या जातात. म्हातारपण म्हणून आम्ही सोडून दिलं. हे यातच मोडतं का?

फिजिओ_वरोरा (२ नोव्हेंबर)
हे गंभीर असू शकतं. मानेत फक्त फांदीची नस नाही, मुख्य मज्जारज्जूच दबत असेल तर असंच होतं. हात अनाडी होतात, पाय डगमगतात, आणि दुखणं कमी असल्यानं कोणी लक्ष देत नाही. मान ओढू-मोडू देऊ नका. या आठवड्यातच न्या.

धुऱ्यावरची_बाभूळ (२ नोव्हेंबर)
भाऊ, सेवाग्रामला येणार असाल तर मंगळवारी मी मायला दाखवायला तिथंच आहे. चिठ्ठी सकाळी लवकर काढावी लागते, मी रांगेत लागतो, तुम्ही बाबांना घेऊन सावकाश या. रेशन कार्ड विसरू नका. सीतादही परवा झालं. मायनं धुऱ्यावर खुर्चीत बसून दहीभात वाहिला. वेचणी तिफणवाले आणि आमच्या गल्लीतल्या सहा बाया करताहेत.

गोठ्यातला_कंदील (मंगळवार, पहाटे)
निघालो. बाबांना पुढच्या सीटवर बसवलं आहे.